जमिनीखालचा हिशेब

ऐंशीच्या दशकात चलनात आलेल्या एक रुपयाच्या नोटेमागे समुद्रात उभ्या असलेल्या एका तेलविहीर-जहाजाचे चित्र होते. ते ‘सागर सम्राट’. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, फेब्रुवारी १९७४मध्ये याच जहाजाने तेल शोधले. भाजीवाल्यापासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांच्या हातांतून ती नोट फिरली. पण सरकारने स्वतः तेल शोधावे, त्यासाठी स्वतःचे भूशास्त्रज्ञ आणि स्वतःची यंत्रे उभी करावीत, हा हट्ट मुळात कोणी धरला, हे विचारले तर फार थोड्या मराठी वाचकांना नाव सांगता येईल. ते नाव केशवदेव मालवीय. जन्म १९०४, मृत्यू १९८१. हे पुस्तक त्यांच्या राजकीय कारकिर्दीविषयी आहे, आणि त्या कारकिर्दीच्या आधाराने एका व्यापक प्रश्नाविषयी आहे. देशाच्या ऊर्जासंपत्तीवर मंत्र्याने देखरेख ठेवायची म्हणजे नेमके काय करायचे, हा तो प्रश्न.

मंत्र्यांची चरित्रे मराठीत कमी नाहीत. त्यांत तुरुंगवास असतो, निवडणुका असतात, पक्षातली भांडणे असतात. खाते मात्र बहुधा ओळी-दोन ओळींत आटपते. अमुक साली अमुक खाते मिळाले, ते त्यांनी समर्थपणे सांभाळले, की पुढचे प्रकरण सुरू. या पुस्तकाने उलट वाट धरली आहे. खाते मध्यभागी ठेवले आहे आणि माणूस त्याच्या कामातून दाखवला आहे. मालवीयांच्या बाबतीत हे रास्तच आहे, कारण त्यांच्या हाती आले तेव्हा ‘तेल’ नावाचे खाते जवळपास नव्हतेच.

तेव्हाची स्थिती आज डोळ्यांपुढे आणणे अवघड आहे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात तेल निघत होते ते आसामातल्या दिग्बोईला. तिथली विहीर १८८९ची आणि शुद्धीकरण कारखाना १९०१चा. बाकी सारे बाहेरून येत असे, आणि आणणाऱ्या कंपन्याही बाहेरच्याच होत्या: बर्मा-शेल, स्टँडर्ड व्हॅक्युम आणि कॅलटेक्स. रॉकेलचा डबा, मोटारीचे पेट्रोल, गिरणीचे फर्नेस ऑइल, सगळे त्यांच्याच हातून मिळायचे. १९५१ ते १९५३ या काळात सरकारने या कंपन्यांशी भारतात शुद्धीकरण कारखाने काढण्याचे करार केले. त्यातून १९५४मध्ये स्टँडर्ड व्हॅक्युमचा आणि १९५५मध्ये बर्मा-शेलचा कारखाना तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला उभा राहिला. कॅलटेक्सचा विशाखापट्टणमला १९५७मध्ये सुरू झाला. माहुल-चेंबूरच्या आकाशात ज्या ज्वाळा आजही दिसतात त्यांचा उगम या करारांत आहे. करारांनी कंपन्यांना भरघोस हमी दिली होती. पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण होणार नव्हते, आणि ट्रॉम्बेत तयार झालेल्या मालाचा भावही असा धरायचा होता, की जणू तो तयार स्थितीत परदेशातून जहाजाने आला आहे. न झालेल्या प्रवासाचे भाडे ग्राहक भरणार होता.

एवढ्या एकतर्फी अटी सरकारने मान्य का केल्या? त्या वेळी सरकारपाशी दुसरे काही नव्हते, हे साधे उत्तर आहे. कारखाना कसा चालतो, कच्च्या तेलाचा खरा भाव काय, देशाच्या जमिनीखाली काय आहे, यांपैकी कशाचीही स्वतंत्र माहिती दिल्लीत नव्हती. जी होती ती कंपन्यांनी दिलेली. बंगालच्या गाळाच्या प्रदेशात स्टँडर्ड व्हॅक्युमने सरकारला भागीदार घेऊन विहिरी खणल्या. त्या कोरड्या गेल्या आणि कंपनीने गाशा गुंडाळला. भारतात आसामबाहेर तेल नाही असा समज रूढ होता. कंपन्या मुद्दाम तेल दडवत होत्या असा आरोप त्या काळी फार झाला. या पुस्तकाने तो आरोप सोपा म्हणून उचललेला नाही, आणि ते योग्यच आहे. स्टँडर्ड व्हॅक्युमने बंगालमध्ये खरोखर पैसा ओतला होता. पण इराणच्या आखातात स्वस्तात आणि मुबलक तेल हाती असलेल्या कंपनीला भारतात घाईने तेल शोधण्याचे कारणही नव्हते. सापडलेच असते तर त्यांच्याच मालाला गिऱ्हाईक कमी झाले असते. त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता बरोबर होता. भारताच्या बाजूने हिशेब मांडणारे कोणी नव्हते, ही खरी अडचण.

या ठिकाणी मालवीय आले. अलाहाबादचे, कानपूरच्या हारकोर्ट बटलर संस्थेत तंत्रशिक्षण घेतलेले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग पाहिलेले, उत्तर प्रदेशच्या काँग्रेस राजकारणात घडलेले. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ते मौलाना आझादांच्या शिक्षण, नैसर्गिक साधनसंपत्ती आणि वैज्ञानिक संशोधन खात्यात उपमंत्री झाले. उपमंत्रिपद म्हणजे बहुतेकांच्या लेखी मानाची पण रिकामी खुर्ची. मौलानांना भूगर्भात रस असण्याचे कारण नव्हते. त्यामुळे नैसर्गिक साधनसंपत्तीचा भाग उपमंत्र्याच्या हाती मोकळा राहिला. मालवीयांनी त्या मोकळ्या जागेत संस्था उभी केली.

१९५५मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात तेल आणि नैसर्गिक वायूचा एक वेगळा विभाग निघाला. त्याच वर्षी मालवीयांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ युरोपातल्या अनेक देशांत गेले. तेलउद्योग कसा चालतो हे पाहायचे आणि आपल्या माणसांना शिकायला कुठे पाठवता येईल हे ठरवायचे, असा त्याचा उद्देश होता. त्यानंतर अमेरिका, पश्चिम जर्मनी, रुमानिया आणि सोव्हिएत संघ इथले तज्ज्ञ भारतात येऊन गेले. सर्वेक्षण आणि खोदाई यांचा सविस्तर आराखडा सोव्हिएत तज्ज्ञांनी करून दिला, आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतल्या तेलशोधाचा तोच पाया ठरला. एप्रिल १९५६च्या औद्योगिक धोरण ठरावाने खनिज तेल सरकारी क्षेत्राच्या यादीत घातले. १४ ऑगस्ट १९५६ रोजी विभागाचा आयोग झाला: तेल आणि नैसर्गिक वायू आयोग, आजची ओएनजीसी. १९५९मध्ये संसदेच्या कायद्याने त्याला वैधानिक दर्जा मिळाला. मुख्यालय डेहराडूनला. तिथल्या तेलशोध संशोधन संस्थेला आज मालवीयांचेच नाव आहे.

हे तारखांचे पान वाचताना कंटाळा येईल, पण त्यात एक क्रम दडलेला आहे आणि तो महत्त्वाचा आहे. आधी माणसे शिकवली, मग नकाशे केले, मग भोक पाडले. तेलशोधात भोक पाडणे हा सर्वांत खर्चिक आणि सर्वांत शेवटचा टप्पा असतो. त्याआधी भूशास्त्रज्ञ खडकांचे थर पायी फिरून पाहतात, गुरुत्वाकर्षणातले सूक्ष्म फरक मोजले जातात, जमिनीत छोटे स्फोट करून परत येणाऱ्या कंपनलहरींवरून खालच्या थरांची घडण जोखली जाते. तेल तळ्यासारखे साठलेले नसते. ते सच्छिद्र खडकात मुरलेले असते आणि वर अभेद्य थर असेल तरच अडकून राहते. इतके करूनही दहांतल्या बऱ्याच विहिरी कोरड्या जातात. म्हणून तेलशोधाच्या मंत्र्याला अपयशाचा खर्च संसदेत आणि अर्थखात्यात सांभाळून घ्यावा लागतो. पंतप्रधान नेहरूंचा पाठिंबा होता म्हणून मालवीयांना तो सांभाळता आला, हे लेखकाने स्पष्ट म्हटले आहे. नुसत्या तळमळीने आयोग टिकला नसता.

पहिली मोठी खोदाई १९५७मध्ये कांगडा खोऱ्यातल्या ज्वालामुखी गावी झाली. देवळात शतकानुशतके पेटती असलेली ज्योत म्हणजे खाली वायू असणार, या तर्कात दम होता. वायूच्या खुणा मिळाल्याही, पण धंद्यापुरते काही लागले नाही. टीकाकारांना आयते कोलीत मिळाले. सप्टेंबर १९५८मध्ये खंभातजवळ लुणेजला तेल लागले आणि चित्र पालटले. मराठी वाचकाने एक गोष्ट इथे लक्षात घ्यावी. लुणेज त्या दिवशी द्विभाषिक मुंबई राज्यात होते आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १४ मेला अंकलेश्वरला त्याहून मोठा साठा लागला. नेहरूंनी त्या विहिरीचे नाव ‘वसुधारा’ ठेवले. संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात मुंबईवरच्या हक्काची चर्चा पानोपानी आहे. जमिनीखालच्या तेलाचा उल्लेख क्वचितच दिसतो.

तेल लागले की ते कोणाचे हा प्रश्नही लगेच उभा राहतो. आसामात तो आधीच पेटला होता. नहरकटियाला १९५३मध्ये मोठा साठा सापडला, आणि त्या तेलाचा कारखाना बिहारमध्ये काढायचा बेत कळताच आसामात आंदोलन झाले. अखेर तोड निघाली: एक कारखाना गुवाहाटीजवळ नूनमाटीला, रुमानियाच्या मदतीने, आणि दुसरा बिहारमध्ये बरौनीला, सोव्हिएत मदतीने. नूनमाटीचा कारखाना १ जानेवारी १९६२ला सुरू झाला. कारखाना तेलाजवळ असावा की बाजाराजवळ, हा अर्थशास्त्राचा प्रश्न. आपल्या मातीतून निघालेल्या संपत्तीवर आधी आपला हक्क, हा लोकांचा प्रश्न. दिल्लीतल्या मंत्र्याला दोन्ही ऐकावे लागतात. गुजरातने पुढे स्वामित्वशुल्क आणि वायूचा भाव यांवरून केंद्राशी दीर्घ वाद घातला तो याच प्रश्नाचा पुढचा भाग होता. या पुस्तकातले संघराज्यावरचे प्रकरण माझ्या मते सर्वांत मौलिक आहे, कारण कोळसा, पाणी, वारा, ऊन यांबाबत राज्ये आणि केंद्र यांच्यात आज होणाऱ्या रस्सीखेचीची पहिली तालीम तिथे दिसते.

पुस्तकाचा दुसरा धागा भावाचा आहे. जमिनीखालच्या साठ्याची माहिती नसणे जितके महाग पडते, तितकेच महाग पडते भाव कसा ठरतो हे ठाऊक नसणे. मालवीयांनी ही बाजूही हातात घेतली. १९५८मध्ये सरकारी शुद्धीकरण कारखान्यांसाठी इंडियन रिफायनरीज स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते फिरोज गांधी. १९५९मध्ये विक्रीसाठी इंडियन ऑइल कंपनी निघाली. १९६४मध्ये दोन्ही एकत्र होऊन आजची इंडियन ऑइल झाली. १९६०मध्ये सोव्हिएत संघाने बाजारभावापेक्षा स्वस्त कच्चे तेल देऊ केले आणि ते शुद्ध करायला परदेशी कंपन्यांनी नकार दिला. करारात आम्हाला आमचे तेल आणण्याचा हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते आणि कागदावर ते चुकीचे नव्हते. मालवीयांनी मग तयार माल आणायचे ठरवले. १७ ऑगस्ट १९६० रोजी ‘उझगोरोद’ हे सोव्हिएत जहाज ११,३९० टन डिझेल घेऊन मुंबईच्या पीरपाव धक्क्याला लागले. सरकारी कंपनीने आणलेला हा पहिला साठा. देशाच्या गरजेच्या मानाने तो किरकोळ होता. परिणाम मात्र किरकोळ नव्हता: अमुक भावाखाली तेल मिळतच नाही असे सांगणाऱ्या कंपन्यांनी आपल्या कच्च्या तेलावर सूट द्यायला सुरुवात केली.

यातून जो धडा निघतो तो सोव्हिएत मैत्रीचा नाही. दुसरा विक्रेता दारात उभा असला की पहिल्याचा हिशेब उघडा पडतो, हे कोणीही वाणी सांगेल. पण तो दुसरा विक्रेता आणायला धक्का लागतो, टाक्या लागतात, पंप लागतात आणि बिले तपासणारी माणसे लागतात. त्यासाठी सरकारी कंपनी होती. पाठोपाठ के. आर. दामले यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तेलाच्या भावाची चौकशी केली आणि १९६१मध्ये अहवाल दिला. कंपन्यांच्या खर्चाचे आकडे सरकारच्या बाजूने तपासण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न होता. इथे वाचकाने एक सावधगिरी बाळगावी. सरकारी कंपनी निर्माण झाली म्हणजे भाव आपोआप न्याय्य झाला असे नव्हे. पुढच्या काळात सरकारनेच ठरवलेल्या भावांत राजकारण किती शिरले, रॉकेलची भेसळ कोणाच्या आशीर्वादाने झाली, हे सर्वांनी पाहिले आहे. पण तो नंतरचा रोग आहे. १९६०मध्ये सरकारला भाव समजतच नव्हता, आणि न समजलेल्या गोष्टीवर देखरेख करता येत नाही.

आता पुस्तकाच्या अवघड भागाकडे येतो. १९६२च्या निवडणुकीनंतर मालवीय कॅबिनेट मंत्री झाले आणि वर्षभरात, जून १९६३मध्ये, त्यांना राजीनामा द्यावा लागला. कारण तेल नव्हते. ओरिसातल्या खाणी होत्या. सिराजुद्दीन अँड कंपनी या खाणमालक पेढीच्या जप्त झालेल्या हिशेबवह्यांत राजकारण्यांना दिलेल्या रकमांच्या नोंदी सापडल्या होत्या. मालवीयांनी एका काँग्रेस उमेदवाराच्या निवडणूक खर्चासाठी या पेढीकडे १०,००० रुपये मागितल्याचे समोर आले. पैसे स्वतःसाठी घेतले नाहीत, पक्षासाठी मागितले, असे त्यांच्या बाजूने सांगितले गेले. पण खाणींचे खाते सांभाळणाऱ्याने खाणवाल्याकडे देणगी मागायची, मग ती कोणासाठीही असो, यात काय चूक आहे हे कोणाला समजावून सांगावे लागू नये.

नेहरूंनी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. के. दास यांच्याकडून चौकशी करून घेतली. ती बंद दाराआड झाली आणि अहवाल संसदेपुढे ठेवला गेला नाही. मराठी वाचकाला याच्या शेजारी दुसरी चौकशी ठेवून पाहता येईल, कारण ती मुंबईतच झाली. १९५८मध्ये मुंद्रा प्रकरणी मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी उघड सुनावणी घेतली. गर्दी इतकी, की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावे लागले, पण काय घडले हे नागरिकाने स्वतःच्या कानांनी ऐकले. पाच वर्षांनी दिल्लीने मुंबईचा तो धडा गिरवला नाही. परिणामी मालवीयांचे दोन्ही बाजूंनी नुकसान झाले. ते पूर्ण दोषी ठरले नाहीत आणि पूर्ण निर्दोषही. परदेशी तेल कंपन्यांनी त्यांचा काटा काढला, असे त्यांचे चाहते आयुष्यभर म्हणत राहिले. बंद चौकशीत अशाच दंतकथा पोसल्या जातात. या कटकल्पनेला पुस्तकात जागा दिली आहे, पण पुरावा नाही असे स्पष्ट सांगून. चरित्रलेखकाने नायकावर प्रेम करावे, पण त्याची वकिली करू नये. इथे ती मर्यादा पाळली गेली आहे.

१९६४मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधासाठी नेमलेल्या संथानम समितीचा अहवाल आला आणि केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. त्याचा अधिकार मात्र नोकरशाहीपुरता; मंत्री त्याच्या कक्षेबाहेर राहिले. निवडणुकीला पैसा कोठून आणायचा हा प्रश्न तर तेव्हा होता तसाच आज आहे. खाणी, तेल, वायू, वीज या खात्यांत एका सहीने कोट्यवधींचे हक्क इकडचे तिकडे होतात. म्हणून पक्षनिधीची सावली या खात्यांवर सर्वांत गडद पडते. मालवीयांच्या प्रकरणातली रक्कम आज कोणाला हास्यास्पद वाटेल. तत्त्व मात्र रकमेबरोबर लहान-मोठे होत नाही.

त्यांच्या पुनरागमनाचे प्रकरण वाचताना मुंबईकर वाचक साहजिकच सरसावून बसेल. १९७३च्या अखेरीस अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचा भाव काही महिन्यांत पिंपाला ३ डॉलरच्या आसपासून १२ डॉलरच्या घरात गेला आणि भारताचे परकीय चलन आटू लागले. १९७४मध्ये इंदिरा गांधींनी मालवीयांना पुन्हा मंत्रिमंडळात घेतले. पोलाद-खाण खात्यानंतर त्यांच्याकडे पेट्रोलियम आले. मुंबई हायचे, म्हणजे ‘सागर सम्राट’ला सापडलेल्या त्या साठ्याचे, श्रेय मात्र एका माणसाला देण्याचा मोह आवरला पाहिजे. समुद्राखालच्या त्या उंचवट्याचा सुगावा साठच्या दशकात सोव्हिएत सर्वेक्षण जहाज ‘अकादेमिक अर्खांगेल्स्की’च्या मोजणीतून लागला होता. ‘सागर सम्राट’ जपानमध्ये बांधून घेतले गेले. तेल लागले त्या फेब्रुवारीत पेट्रोलियम खाते देवकांत बरुआ यांच्याकडे होते. आणि मे १९७६मध्ये व्यापारी उत्पादन सुरू झाले तेव्हा मंत्री मालवीय होते. दख्खनच्या काळ्या कातळाच्या प्रदेशापासून इतक्या जवळ, समुद्रतळाखालच्या चुनखडकात एवढा साठा असेल यावर ज्यांचा विश्वास नव्हता त्यांना वेड्यात काढण्याचे कारण नाही. मोजल्याशिवाय कोणालाच कळले नसते. मोजणारी संस्था जवळपास वीस वर्षे आधी उभी राहिली होती, म्हणून ते कळले. मालवीयांचे श्रेय तिथे आहे आणि ते पुरेसे मोठे आहे.

आकडे पाहा. १९६०-६१मध्ये देशात साडेचार लाख टनांच्या आसपास कच्चे तेल निघत होते आणि खप पाऊण कोटी टनांच्या पुढे होता. १९८४-८५पर्यंत उत्पादन सुमारे २ कोटी ९० लाख टनांवर गेले. तेवढ्या काळापुरती देशाच्या गरजेचा मोठा वाटा देशातच निघाला. उरणला ओएनजीसीचा प्रकल्प आला; मुंबई हायच्या वायूवर उरणचे वीजकेंद्र चालले, ट्रॉम्बे आणि अलिबागजवळच्या थळचे खतकारखाने चालले, आणि शेगडीखालचा सिलिंडर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. त्याची किंमत उरण-अलिबागच्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी जमिनीच्या आणि मासेमारीच्या रूपात दिली. त्यांची बाजू या पुस्तकात थोडक्यात आली आहे. ती स्वतंत्र पुस्तकाची मागणी करते.

याच काळात परदेशी तेल कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७४मध्ये एस्सोपासून (म्हणजे पूर्वीच्या स्टँडर्ड व्हॅक्युमपासून) हिंदुस्तान पेट्रोलियम, १९७६मध्ये बर्मा-शेलपासून भारत पेट्रोलियम, आणि कॅलटेक्सही पुढे हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. बर्मा-शेलचा निर्णय आणीबाणीत झाला हे विसरून चालणार नाही. विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात आणि वर्तमानपत्रांवर कात्री, अशा संसदेत एवढा मोठा व्यवहार मंजूर होणे म्हणजे देखरेख नव्हे, निव्वळ अंमलबजावणी. निर्णय बरोबर असेल; तो तपासून घेण्याची सोय मात्र तेव्हा नव्हती. आणि मालवीय त्या मंत्रिमंडळात होते. १९७७च्या निवडणुकीत उत्तर प्रदेशातल्या ८५ जागांपैकी एकही काँग्रेसला मिळाली नाही. मालवीयांचे मंत्रिपद तिथेच संपले. चार वर्षांनी ते गेले.

गंमत अशी, की त्याच राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यांनी पुढे संसदेला बळ दिले. हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम विकण्याचे घाटत असताना सप्टेंबर २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ज्या कंपन्या संसदेच्या कायद्याने सरकारकडे आल्या त्या संसदेला विचारल्याशिवाय विकता येणार नाहीत. तेव्हा पेट्रोलियम मंत्री होते उत्तर मुंबईचे खासदार राम नाईक. सरकारी भावनियंत्रणाची जुनी पद्धत औपचारिकपणे मोडीत काढण्यात आली तीही त्यांच्याच कारकिर्दीत, एप्रिल २००२मध्ये. ते राष्ट्रीयीकरणाचे कायदेही पुढे रद्द झाले, आणि २०१८मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियममधला सरकारचा हिस्सा ओएनजीसीने विकत घेतला. मालवीयांच्या संस्थेने राष्ट्रीयीकरणातून जन्मलेली संस्था घेतली आणि पैसा सरकारच्या तिजोरीत गेला. तेलाचा एक थेंबही त्यामुळे वाढला नाही.

मालवीयांच्या दृष्टीतल्या उणिवाही नोंदवायला हव्यात. सरकारी संस्था म्हणजे लोकांची संस्था, यावर त्यांचा फार विश्वास होता. मंत्रालय आणि आयोग यांच्यात अंतर असावे, आयोगाने मंत्र्यालाही नको ते ऐकवावे, याची तजवीज त्यांनी केली नाही. जो बांधतो त्यानेच तपासायचे, अशी रचना राहिली. साठ्यांच्या व्यवस्थापनावर नजर ठेवण्यासाठी हायड्रोकार्बन महासंचालनालय निघायला १९९३ साल उजाडले, आणि तेही मंत्रालयाच्याच हाताखाली. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या वायूच्या कंत्राटांवर नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११मध्ये जे आक्षेप घेतले, त्यांचे मूळ शोधत गेलो तर याच पोकळीपाशी येऊन पोहोचतो. कंत्राटदाराने सांगितलेला खर्च आणि सांगितलेला साठा स्वतंत्रपणे कोण पडताळणार? पन्नासच्या दशकात मालवीयांनी विचारलेला हा प्रश्न, फक्त समोरची कंपनी आता देशी होती.

पुस्तकाची भाषा मुद्दाम साधी ठेवली आहे आणि तांत्रिक प्रकरणे घटनाक्रमातच मिसळली आहेत. ज्यांना राजकारणात रस आहे त्यांनी भूशास्त्राची पाने ओलांडू नयेत. तिथे न थांबता १९६३चे प्रकरण वाचले तर ते फक्त एका मंत्र्याच्या पतनाची गोष्ट वाटेल. आणि ज्यांना तंत्रज्ञानात रस आहे त्यांनी राजीनाम्याचे प्रकरण टाळू नये. उत्तम संस्था उभी करणारा माणूस स्वतःच्या बाबतीत हलगर्जी असू शकतो, ही गोष्ट अभियंत्यांनीही समजून घेण्यासारखी आहे.

आज भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चे तेल आयात करतो. मुंबई हाय म्हातारे झाले आहे. उद्याची भांडणे सौर प्रकल्पांच्या जमिनींवरून, लिथियमवरून, समुद्रातल्या पवनचक्क्यांवरून होतील, आणि त्या खात्यांचे मंत्री व्यासपीठांवरून मेगावॉटचे आकडे सांगतील. वाचकाने त्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत. साठा कोणी मोजला? भाव कोणी तपासला? आणि तुमचा स्वतःचा हिशेब कोणासमोर उघडा आहे? केशवदेव मालवीयांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणारी संस्था देशाला दिली, दुसऱ्याचे उत्तर शोधायला सुरुवात करून दिली, आणि तिसऱ्यावर ते नापास झाले. त्यांच्यानंतर आलेल्या बहुतेकांना तिन्ही प्रश्न टाळता आले, ते आपण विचारले नाहीत म्हणून.